मोटारीजवळ उभे राहून काढलेला पणजोबांचा फोटो : साल आणि मालकी कशी ठरवावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. आत्याच्या घरातील जुन्या ट्रंकेत आमच्या कुटुंबाचा एक फोटो सापडला असून, त्याविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. घर कऱ्हाडचे आहे. फोटो पोस्टकार्डाएवढा, तपकिरी झाक असलेला आहे, आणि त्याच्या कडांना, विशेषतः गडद भागांत, चांदीसारखी चकाकी आली आहे. वाड्यासमोर एक उघडी मोटार उभी आहे. तिचे कापडी छत मागे दुमडलेले आहे, चाकांच्या आऱ्या लाकडी आहेत, पुढची काच सरळ उभी आहे आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे. पुढच्या जाळीवर कसलीशी काळपट माळ घातलेली असून तिच्याखाली नंबरपाटी अर्धी झाकली गेली आहे. एक अक्षर आणि काही आकडे एवढेच दिसतात.

मोटारीच्या अलीकडे पणजोबा कोट आणि पागोटे घालून उभे आहेत. मागच्या आसनावर पणजी बसली आहे आणि तिच्या मांडीवर कुंची घातलेले मूल आहे. तिच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली वृद्ध स्त्री म्हणजे खापरपणजी असावी. मडगार्डला टेकून परकर-पोलक्यातील पाच-सहा वर्षांची मुलगी उभी आहे. बॉनेटवर हात ठेवून एक तरुण उभा आहे, त्याला मात्र घरातील कोणीही ओळखत नाही.

घरात पिढ्यान्‌पिढ्या असे सांगितले जाते की पणजोबांनी १९१४ साली मुंबईहून ही मोटार विकत आणली आणि ती कऱ्हाडहून चिपळूणला जातानाचा कुंभार्ली घाट उलटी, म्हणजे पाठीमागून चढत असे. घाटाची गोष्ट आम्ही सगळेच थट्टेवारी नेत आलो आहोत. मोटार कोणती, फोटो कोणत्या साली काढला असावा आणि मोटार खरोखर आमचीच होती का, हे कसे ठरवावे? पुतण्याने एका ॲपमधून फोटो रंगीत करून घेतला आहे. त्यात खापरपणजीचे लुगडे गडद निळे आले आहे. तो रंग खरा मानावा का, हेही सांगावे.

जुनी चाके
आपण दिलेले वर्णन आणि जोडलेली प्रत पाहता ही मोटार फोर्डची मॉडेल टी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जाळीच्या खाली, दोन्ही चाकांच्या मधोमध, आडवी बसवलेली एकच कमानी स्प्रिंग स्पष्ट दिसते आहे. त्या काळच्या बहुतेक मोटारींना पुढे दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या स्प्रिंगा असत, फोर्डने मात्र ही एकच आडवी स्प्रिंग शेवटपर्यंत ठेवली. मॉडेल टी १९०८ च्या अखेरीस बाजारात आली, १९२७ पर्यंत बनत राहिली आणि तेवढ्या काळात तिच्या दीड कोटीहून अधिक मोटारी तयार झाल्या. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कौटुंबिक फोटोंमध्ये ती वारंवार भेटते. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या ज्या मोटारी हिंदुस्थानात येत, त्या प्रामुख्याने फोर्डच्या कॅनडातील कारखान्यातून येत असत, कारण ब्रिटिश साम्राज्यातील देशांना मोटारी पुरवण्याचे काम त्या शाखेकडे होते.

आता सालाकडे वळू. १९१६ पर्यंतच्या मॉडेल टीची जाळीची चौकट पितळी असे आणि ती फोटोत लखलखीत पांढरी उठून दिसते. आपल्या मोटारीची चौकट काळी आहे, मडगार्ड सपाट नसून गोलाई घेतलेले आहेत आणि बॉनेट जाळीपासून मागे सलग उतरत गेले आहे. हे तिन्ही बदल १९१७ च्या मॉडेलपासून झाले. म्हणजे १९१४ साली घेतलेली मोटार ही असू शकत नाही. पुढची काच सरळ उभी असल्याने १९२२ नंतरचे मॉडेलही ती नाही, कारण त्यापुढे काच तिरपी झाली. मोटारीची घडण अशा रीतीने १९१७ ते १९२२ या टप्प्यात बसते. मात्र हे साल मोटारीचे आहे, फोटोचे नव्हे. फोर्ड मोटारी दहा-पंधरा वर्षे सहज चालत आणि हात बदलत फिरत. मोटारीवरून फोटोची अलीकडची मर्यादा कधीच ठरत नाही. तो १९१७ च्या आधीचा नाही, एवढेच काय ते ती सांगू शकते.

घाटाच्या गोष्टीबद्दल मात्र आपल्या घरच्यांवर विश्वास ठेवावा. या मोटारीत पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल खेचणारा पंप नसे. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागापेक्षा, उंचावर आहे म्हणून पेट्रोल आपोआप खाली उतरे, एवढीच सगळी व्यवस्था होती. तीव्र चढावर मोटारीचे नाक वर गेले आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की इंजिनाला पेट्रोल पोहोचेनासे होई. मोटार वळवून रिव्हर्समध्ये चढवली की टाकी पुन्हा वर येई आणि इंजिन चालू राही. शिवाय रिव्हर्सची ओढही पुढच्या गिअरपेक्षा जास्त होती. जगभरचे मॉडेल टीचे ड्रायव्हर डोंगरात हेच करत असत. ज्या गोष्टीची घरात थट्टा झाली, तीच ही मोटार फोर्ड असल्याचा तोंडी पुरावा आहे.

नंबरपाटीवरून फार काही काढण्याचा मोह टाळावा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर मुंबई प्रांतात 'बीएम', 'बीवाय' अशा अक्षरांनी सुरू होणारे तीन अक्षरी क्रमांक आले. आपल्या अर्धवट दिसणाऱ्या पाटीवर एकच अक्षर दिसते, म्हणजे फोटो त्याआधीचा असावा, आणि ते तर कपड्यांवरूनही कळतेच.

काचेची प्लेट
माझा व्यवसाय जुन्या फोटोंच्या जतनाचा असल्याने मी रंगांपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच होतात.

त्या काळातील प्लेटा आणि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. निळा रंग त्यांना उजळ दिसे, तांबडा काळा दिसे आणि नारिंगीही बराच काळवंडे. म्हणूनच जुन्या फोटोंत आभाळ कोरे पांढरे येते आणि बायकांच्या कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते. आपल्या फोटोत पणजीच्या कपाळावर असा ठसठशीत काळा गोल आहे. शेजारच्या वृद्ध स्त्रीचे कपाळ मोकळे आहे आणि तिचे वस्त्र मोटारीच्या रंगाइतके काळेभोर, काठ नसलेले आहे. ते आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे वस्त्र, असणार. आलवण तांबडे, म्हणून या प्लेटेवर ते काळे उतरले. ॲपला ना आलवण ठाऊक ना प्लेटेचा स्वभाव, म्हणून त्याने काळ्याच्या जागी निळा भरला. जिच्या आयुष्यात त्या तांबड्या वस्त्राला एवढा कठोर अर्थ होता, तिला निळ्या लुगड्यात दाखवणे मला फार खटकते. रंगीत प्रत ठेवायचीच असेल तर तिच्यावर 'संगणकाने रंगवलेली' असे लिहावे आणि ती मूळ फोटोपासून वेगळी ठेवावी.

जाळीवरची माळ काळपट दिसते म्हणून ती पानांचीच असेल असे नाही, झेंडूची माळही अशीच दिसते. मी आपली प्रत मोठी करून पाहिली. माळेतील गोळे गोल, सारख्या आकाराचे आणि दाट आहेत, मधूनमधून पानेही आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट पणजोबांच्या पागोट्यात आहे. उजव्या कानाच्या वर गवताच्या पात्यांसारखा एक फिकट तुरा खोवलेला दिसतो. बॉनेटवर हात ठेवलेल्या तरुणाच्या टोपीतही तसाच तुरा आहे. घटस्थापनेच्या दिवशी पेरलेले धान्य दसऱ्याला असे डोक्याला खोवतात, हे आपल्या भागातील माणसाला सांगायला नको. फोटो दसऱ्याचा आहे.

माझी विनंती अशी की कार्डाची मागची बाजू पाहावी. तिकिटाच्या जागेभोवती कागद बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह छापलेले असते. उदाहरणार्थ, 'अझो' या कागदावर चारही त्रिकोण वरच्या दिशेने असतील तर तो साधारण १९०४ ते १९१८ या काळातील आणि दोन वर, दोन खाली असतील तर १९१८ ते १९३० या काळातील, असे संग्राहक मानतात. तसेच या वेळी ६०० डीपीआय किंवा त्याहून अधिक क्षमतेने, टिफ स्वरूपात स्कॅन करावे. आताची प्रत मोबाइलवर काढलेली दिसते. कडांची चकाकी म्हणजे कागदातील चांदी हवेच्या संपर्काने पृष्ठभागावर आल्याचे लक्षण आहे. ती पुसू नये, फोटो लॅमिनेट करू नये आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये तर मुळीच लावू नये.

दप्तरखाना
वर दोघांनी मोटारीचा आणि फोटोचा उत्तम उलगडा केला आहे. माझे म्हणणे माणसांविषयी आहे. अशा फोटोत साल ठरवणारा सर्वांत भरवशाचा पुरावा मांडीवरचे मूल असते. मोटार जुनी असू शकते, कपडे जुने असू शकतात, कागद गल्ल्यात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, पण मुलाचे वय थांबत नाही. आपण पुढील तीन गोष्टी घरात विचाराव्यात. खापरपणजोबा केव्हा वारले? पणजीची मुले कोणत्या क्रमाने आणि केव्हा जन्मली? त्यांतील कोणाची जन्मपत्रिका शिल्लक आहे का? पत्रिकेत शके दिलेले असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७८ मिळवावेत, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९.

मालकीबद्दल सावधपणे बोलावे लागेल. मोटारीजवळ उभे राहून फोटो काढून घेणे ही त्या काळी प्रतिष्ठेची आणि हौसेचीही बाब होती आणि त्यासाठी मोटार आपलीच असण्याची गरज नसे. पाहुण्यांची, वकिलांची, संस्थानातील एखाद्या अधिकाऱ्याची मोटार दारात आली की फोटोग्राफरला बोलावले जाई. याशिवाय एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू होण्याआधी गावोगावी खासगी सर्व्हिस मोटारी चालत, त्या लग्नकार्याला आणि देवदर्शनाला भाड्यानेही मिळत. आपल्या फोटोतील अनोळखी तरुणाची उभे राहण्याची ढब पाहा. घरातील सर्व माणसे मोटारीत किंवा तिच्या अलीकडे आहेत. हा एकटाच इंजिनाशी उभा आहे आणि बॉनेटवर हात ठेवण्याचा अधिकार त्याला कोणी दिल्यासारखा नव्हे, तर त्याचाच असल्यासारखा दिसतो. तो ड्रायव्हर असेल किंवा मोटारीचा मालकही असेल. हजारो घरांच्या अल्बममध्ये हा माणूस आहे आणि जवळजवळ कोठेही त्याचे नाव लिहिलेले नाही. आपण त्याचा शोध घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

जत्रेकरू
थोडे वेगळे, पण याच विषयातील सांगतो. आमच्या घरीही 'आजोबांची मोटार' म्हणून एक फोटो आहे. त्यात मोटारीच्या पुढच्या चाकाची सावली जमिनीवर पडत नाही, दोन्ही दिव्यांना जाडी नाही आणि आजोबांचे पाय दाराच्या खालून दिसतात. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्यावर रंगवलेली मोटार असे, तिच्यामागे स्टूल ठेवून माणसाला बसवत आणि हातात खरे चक्र देत. मोटारीचा फोटो हाती आला की प्रथम सावल्या आणि पाय पाहावेत. आपल्या फोटोत जमिनीवर टायरचे वळ दिसत आहेत, त्यामुळे तेथे ही शंका उरत नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आत्याशी बोलून आणि घरातील कागद पाहून जे हाती आले ते देते.

खापरपणजोबा १९१८ च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत गेले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे आलवणातील खापरपणजी फोटोत आहे, तर फोटो त्यानंतरचाच. आजोबांची जन्मपत्रिका सापडली. तीत शके १८४४, कार्तिक असे आहे. त्यांचे धाकटे भाऊ शके १८४८ मधील श्रावणात जन्मले. मडगार्डला टेकलेली मुलगी ही आजोबांची थोरली बहीण, हे आत्याने तिच्या हनुवटीवरच्या खुणेवरून नक्की ओळखले. दोन मुलांशिवाय तिसरे मूल फोटोत नाही. कार्डाच्या मागे त्रिकोणांचे चिन्ह आहे, दोन वर आणि दोन खाली.

याशिवाय पणजोबांच्या सावकारी-शेतीच्या हिशेबाची काही कीर्दबुके मोडीत लिहिलेली आहेत. शके १८४५ चे बुक सुदैवाने शिल्लक आहे. मला मोडी वाचता येत नाही. आश्विनातील दोन पाने स्कॅन करून जोडत आहे.

दप्तरखाना
आपण जमवलेला पुरावा फारच चांगला आहे. शके १८४४ चा कार्तिक म्हणजे १९२२ च्या दिवाळीच्या आसपासचा महिना. आश्विन कार्तिकाच्या आधी येत असल्याने १९२२ च्या दसऱ्याला आजोबांचा जन्मच झालेला नव्हता. १९२३ च्या दसऱ्याला ते अकरा महिन्यांचे होते, आणि फोटोतील मूल मांडीवर ताठ बसलेले असून त्याचा एक हात हलल्यामुळे पुसट आला आहे. १९२४ च्या दसऱ्याला ते जवळजवळ दोन वर्षांचे असते आणि असे कुंचीत मांडीवर बसले नसते. मांडीवरचे मूल म्हणजे धाकटा भाऊ म्हणावा, तर चार वर्षांचे आजोबा फोटोत दिसायला हवे होते. मोटारीची घडण, आलवण, कागदाचे चिन्ह आणि डोक्यावरचे तुरे यांपैकी काहीही याच्या विरोधात जात नाही. हा फोटो शके १८४५ च्या आश्विनातील, म्हणजे १९२३ सालच्या दसऱ्याचा आहे असे मी म्हणेन.

कीर्दीची दोन्ही पाने वाचली. अक्षर घाईचे असले तरी स्वच्छ आहे. दशमीच्या खाली सोने, नारळ आणि गुरवाच्या दक्षिणेनंतर एक ओळ आहे: 'मोटारवाल्यास पोस्त, धोतरजोडी १'. त्याखाली फोटोग्राफरच्या नावे काही रुपये खर्ची पडले आहेत. म्हणजे फोटोसाठी माणूस मुद्दाम बोलावला होता, आणि आपण ज्याला ओळखत नाही त्या तरुणाला त्या दिवशी नवे धोतर मिळाले होते. नाव लिहिलेले नाही. सणाचे पोस्त घरच्या नोकराला देतात, तसेच वर्षभर उपयोगी पडणाऱ्या बाहेरच्या माणसालाही देतात. त्यामुळे या एका ओळीवरून मोटार घरची होती असे ठरवता येणार नाही, आणि नव्हती असेही नाही.

जुनी चाके
निर्णय याच बुकात असणार. मोटार पाळणे हा सततचा खर्च होता. पेट्रोल त्या काळी प्रामुख्याने दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून विकत घेतले जाई, लाकडी आऱ्यांच्या मोटारीचे टायर आणि ट्यूब आपल्या रस्त्यांवर फार टिकत नसत, आणि तेल व मजुरी यांचा खर्च वेगळा. मोटार घरची असेल तर कीर्दीत महिन्यागणिक पेट्रोलच्या डब्यांची आणि अधूनमधून रबराची नोंद असलीच पाहिजे, आणि ड्रायव्हरच्या पगाराची नोंद महिनाअखेरीस नावानिशी असेल. भाड्याची असेल तर 'मोटारभाडे' अशी तुरळक, प्रवासाच्या गावासह नोंद मिळेल. कुंभार्ली घाटाचा प्रवास कोणत्या महिन्यात झाला हेही तेथेच कळेल. चिपळूणचे नाव शोधावे.

कृष्णाकाठ
संपूर्ण बुक येत्या काही दिवसांत पानापानाने स्कॅन करून येथे देईन. तोपर्यंत फोटोच्या पाकिटावर काय लिहावे?

काचेची प्लेट
फोटोच्या पाठीवर शाई नको. मऊ पेन्सिलीने कडेला फक्त एक क्रमांक घालावा आणि सविस्तर मजकूर आम्लमुक्त कागदाच्या पाकिटावर, फोटो आत घालण्यापूर्वी लिहावा. माझ्या मते मजकूर असा असावा: 'कऱ्हाड, वाड्यासमोर, दसरा, शके १८४५ (१९२३). मोटार फोर्ड मॉडेल टी, मालकी अनिश्चित.' त्यापुढे डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे आणि नाती, मुलांच्या नावापुढे त्या वेळचे वय. तरुणाच्या जागी 'अनोळखी' असे न लिहिता 'मोटारवाला, कीर्दीत उल्लेख' असे लिहून पुढे नावासाठी जागा मोकळी ठेवावी.

दप्तरखाना
सहमत आहे. पगाराची नोंद मिळाली तर ती जागा भरता येईल. कार्तिक ते फाल्गुन ही पाने आधी टाकावीत. पावसाळ्यानंतर घाटरस्ते सुकलेले असत, प्रवास त्याच महिन्यांत अधिक होत, त्यामुळे पेट्रोलच्या किंवा भाड्याच्या नोंदी तेथे लवकर सापडतील. स्कॅन करताना बुकाची शिवण ताणू नये. पान पूर्ण उघडत नसेल तर अर्धे-अर्धे टिपावे, मी जुळवून वाचेन.